भिजवलेला वेत

माणसाच्या दुर्दम्य जिद्दीपुढे आपली मान आपोआप झुकते. आमच्या वाचनालयाच्या सभागृहात माझी झुकली, कारण शेजारच्या सत्कारमूर्तींनी कानात काही सांगायला माझी बाही ओढली.

सत्कारमूर्ती म्हणजे गणूकाका. जन्मापासून अंध, वेताच्या खुर्च्या विणतात. त्यांना बोलावलं होतं आमच्या फाटक्या खुर्च्या विणायला. पण माणूस आयता आलाच आहे म्हणून कार्यवाहांनी शाल, नारळ आणि अध्यक्ष मागवले.

"भाषण किती चालेल हो?"

"अर्धा तास तरी."

"मेलो! वेत भिजवून आणलाय. वाळला की विणताना तुटतो. आणि उद्या मला दुसरीकडे जायचंय." मांडीवरच्या ओल्या फडक्यातली जुडी ते पुन्हापुन्हा चाचपत होते.

"यांच्या अंधारातच आपल्याला प्रकाश दिसतो!" अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या. माझेही डोळे भरून आले होते, आणि तेवढ्यात मी चरकलो. एका कारागिराला कामावरून उठवून आम्ही सगळे त्याच्या कामाचं कौतुक करत होतो. प्रेरणा घेणं फार सोयीचं असतं. ज्याची घ्यायची त्याला विचारावं लागत नाही.

काकांनी पलीकडची रिकामी खुर्ची चाचपली. "ही अध्यक्षांची? मग त्यांना सांगा, भाषण संपवा, पण बसू नका."

मी निरोप द्यायला उठलो, तोच टाळ्यांचा कडकडाट झाला आणि अध्यक्ष बसले.

त्यांना खुर्चीतून बाहेर काढायला चौघं लागले. तोवर वेत वाळला होता.