बर्फावरचा टँक

डाव्या मनगटाचं प्लास्टर निघालं की दुसऱ्या दिवशी शिलाई मशीनवर बसायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. सिंदीला घरीच मी ब्लाऊज शिवते. एसटीतून उतरताना पाय घसरून हात मोडला, तेव्हापासून बायकांचे कपडे पिशव्यांत पडून होते. पण प्लास्टर निघालं आणि बोटं वळेनात. अंगठा तर दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. वर्ध्याच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. दोन दिवसांत मला त्याचा वीट आला.

मग नवऱ्याने माळ्यावरून त्याचा लहानपणीचा व्हिडिओ गेम काढला. त्यात टँकचा खेळ होता. विटांच्या भिंती, खाली मधोमध आपला किल्ला, वरून एकामागून एक उतरणारे शत्रूचे टँक. डाव्या अंगठ्याने टँक फिरवायचा, उजव्याने गोळी मारायची. किल्ल्याला एक गोळी लागली की खेळ खलास, पुन्हा पहिल्या लेव्हलपासून.

आठ दिवसांत मी नवव्या लेव्हलपर्यंत पोचले आणि तिथे अडकले. तिथे बर्फ होता. बर्फावर टँक थांबत नाही, घसरत पुढे जातो. माझा अंगठा आधीच उशिरा दबायचा, उशिरा उठायचा. मी घसरत कोपऱ्यात जायची आणि इकडे किल्ला फुटायचा. मी रिमोट दिवाणावर आपटायची. राग खेळाचा नव्हता. स्वतःचा अंगठा ऐकत नाही, याचा होता.

मागे खुर्चीवर सासरे बसलेले असायचे. त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. जन्मभर जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवायचं काम केलेला, फार न बोलणारा माणूस. पण हा खेळ लागला की त्यांना कंठ फुटायचा.

"डावीकडून आला, बाई."

"दिसून राह्यला मले."

"मंग मारत काऊन नाई?"

एकदा मी वैतागून म्हटलं, "एवढं समजते तं घ्या ना दुसरा रिमोट!"

त्यांनी खरंच घेतला. माझा टँक पिवळा, त्यांचा हिरवा; शत्रूचेही काही टँक हिरवेच. पहिल्याच गोळीत त्यांनी आमचाच किल्ला उडवला. नंतर ते मला मारू लागले. जोडीदाराची गोळी लागली की आपला टँक जागीच गोठतो.

"मामाजी, तुम्ही मलेच मारून राह्यले!"

"तू सामोर येतेच काऊन?"

एका दुपारी बर्फाच्या लेव्हलला शत्रूचा एकच टँक उरला होता. मी त्याच्या बरोबर समोर आले, आणि मामाजींची गोळी मला लागली. मी गोठले. किल्ला गेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही नका खेळू. तुमच्याच्यानं होत नाई."

त्यांनी रिमोटची वायर नीट गुंडाळली आणि ओसरीत जाऊन बसले. तीन दिवस ते टीव्हीसमोर आले नाहीत. मी एकटी खेळले आणि सहाव्याच्या पुढे गेले नाही. चौथ्या दिवशी चहा घेऊन ओसरीत गेले.

"मामाजी, चुकलं माहं. चला ना."

त्यांनी कप घेतला, बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मले ते पिवळं-हिरवं एकच दिसते. लहानपणापासून. घरी कोणाले सांगतलं नाई."

"अन् जिनिंगमधी?"

"कापूस मी हातानं ओळखो."

जिनिंगमधली पस्तीस वर्षं त्या माणसाने हे एकट्याने सांभाळलं होतं. नवऱ्यालाही माहीत नव्हतं. मला माझ्या त्या वाक्याची फार लाज वाटली.

मग आम्ही वाटणी केली. किल्ल्याच्या डाव्या बाजूला फक्त ते. तिकडे मी जायचंच नाही, म्हणजे तिथे जो दिसेल तो शत्रू. तरी दहा-बारा वेळा हरलो. मी चिडायची, ते त्याहून चिडायचे, "अवं, थांब ना जराशी!" म्हणून ओरडायचे.

या सगळ्यात अंगठा बराच मोकळा झाला. कापड सुईखाली सरकवता येतं, पण गोलाईवर शिवण अजून तिरपी जाते आणि सगळं उसवावं लागतं.

बर्फ एकदाचा पार झाला. मामाजी खुर्चीतून उठून उभे राहिले. दहाव्या लेव्हलमध्ये झाडी होती. झाडीत शिरलेला टँक कोणालाच दिसत नाही, त्यांना नाही आणि मलाही नाही. मिनिटभरात किल्ला फुटला.

"हे काय लावलं आता!" मामाजी म्हणाले, आणि रागारागाने पहिली लेव्हल सुरू केली.