बुटका कमोड

आमच्या नाटक कंपनीच्या प्रॉम्प्टरला सगळे 'कुजबुज' म्हणत. विंगेत उभं राहून त्याने माझी किती भाषणं सावरली, ते देवालाच ठाऊक.

परवा तो मला हौसेने दुकानात घेऊन गेला; त्याचा मुलगाही सोबत होता. तो राहतो त्या मुलाच्या घरी पाणी वाचवणारा नवा कमोड बसवायचा होता. कुजबुजचे गुडघे गेलेले, म्हणून त्याला उंच हवा होता. कुणाला हाक न मारता उठता यावं, एवढंच त्याचं मागणं.

दुकानदाराने माप पाहिलं. "तुमचा पाइप भिंतीच्या फार जवळ आहे हो. तिथे हा बुटकाच बसेल. उंच हवा तर फरशी फोडून पाइप सरकवावा लागेल. पाणी दोन्हींना सारखंच लागतं."

मुलगा दुकानदाराच्या कानाशी लागला. "म्हाताऱ्यासाठी आता कुठे फरशी फोडता? असे किती दिवस राहिलेत?"

हलक्या आवाजात बोललेलं किती लांब जातं, हे कुजबुजला कुणी शिकवायचं? त्याने फक्त विचारलं, "मग उंचच घ्यायचा ना रे?"

"बाबा, त्याचं काय आहे... म्हणजे आपल्याला..." मुलगा अडखळला.

कुजबुजने ओठांशी हात धरला आणि विंगेतून मला सांगायचा तसंच हळूच सांगितलं, "बुटक्याला पाणी कमी लागतं, असं म्हण."

"हो बाबा, बुटक्याला पाणी कमी लागतं."

पोराने वाक्य जसंच्या तसं उचललं. मग कुजबुज त्या बुटक्यावर बसून बघायला गेला, आणि उठण्यासाठी त्याने माझ्यापुढे हात केला.