रिकाम्या दुकानाचे राखणदार

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर दयाराम मेश्रामांनी हाती आलेल्या पैशांतून रायपूरच्या एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये दुकान घेतलं. भाड्यावर नवराबायकोचं म्हातारपण निघेल, असा बेत होता. पण यार्डात नुसती उभी राहिलेली वॅगन गंजते, तसंच दुकानाचंही होईल या धास्तीनं ते रोज दहाला डबा घेऊन तिथं जात, टेबलाशी बसून पेपर वाचत आणि पाचला कुलूप लावत. आठ महिने झाले तरी भाडेकरू काही फिरकला नाही.

एकदा त्यांची बायको भीमाबाई त्यांचा घरी राहिलेला चष्मा द्यायला गेल्या. दातांची एक डॉक्टरीण दारातून डोकावून परत निघाली होती.

"काहून परत चालल्या, दीदी?"

"दुकान अच्छी है, आंटी, पर यहाँ तो किसी का ऑफिस चल रहा है."

भीमाबाईंनी आत पाहिलं. पंखा, कॅलेंडर, पाण्याचा माठ आणि साहेबासारखा बसलेला आपला नवरा.

"अवो, तुम्हीच भाडेकरू पळवून राहिले. उठा पहिले."

सौदा त्याच दिवशी ठरला. सही करताना मात्र दयाराम अडले. त्यांनी भाडं आपणहून हजारानं उतरवलं आणि करारात एक ओळ घालून घेतली: पेशंटच्या बाकावर दहा ते पाच एक जागा मालकाची.