पुडीत गेलेलं एक्कावन्नावं पान

आधीच सांगून टाकतो, चोर मी पकडला. पुराव्यानिशी पकडला, भर सभेत पकडला, नाव खणखणीत वाचून पकडला! मग रतनशेठ, यात फजिती कसली, असं तुम्ही विचारणारच. चहा घ्या, गार होतोय. सांगतो.

गोष्ट संगमनेरची, मोठ्या दुष्काळाच्या सालातली. बाजारपेठेत माझं किराणा दुकान. शिक्षण विचाराल तर शाळेत चौथी, आणि पुढचं सगळं रद्दीत. हसू नका! मिसरूड फुटायच्या आधीपासून मी गादीवर बसून पुड्या बांधतोय. कागद हातात आला की आधी वाचायचा, मग त्यात जिरं घालून सुतळी गुंडाळायची. वाचला की बांधला. हीच माझी शाळा आणि हेच कॉलेज. कितीतरी रहस्यकथा अर्ध्या वाचल्या. खून झालेला मला माहीत असायचा, खुनी दुसऱ्याच कुणाच्या हळदीबरोबर निघून गेलेला असायचा.

पण या नादानं वाचनाची गोडी लागली. वाचनालयाचा सभासद झालो, चार ठिकाणी बोलू लागलो, आणि एके दिवशी लोकांनी मला वाचनालयाचा कार्यवाह केलं. चौथी पास कार्यवाह! अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू?

आमचे ग्रंथपाल वामनराव. वीसेक वर्षं त्या एका खुर्चीत. सदऱ्याच्या एका खिशात सुई-दोरा, दुसऱ्यात खळीची डबी. कुणाला काय वाचायला आवडेल हे त्या माणसाला चेहऱ्यावरून कळायचं. कुणी अंथरुणाला खिळलं की पुस्तक घरपोच. पगार एवढासा, पुढे पेन्शन नाही. या माणसाकडे कमावलेली चीज एकच होती, त्याचं नाव.

आणि मी नेमका तिथंच हात घातला.

झालं काय, एका संध्याकाळी एस.टी. स्टँडवर गणपतची भेळ खात होतो. भेळ संपली, सवयीनं कागद उलगडला. चिंचेच्या पाण्यानं अक्षरं पार माखून गेलेली. पण कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का! आमच्या वाचनालयाचा! खाली आकडा, एक्कावन्न.

ठसकाच लागला. कारण वामनरावांची पद्धत मला ठाऊक होती. पहिल्या पानावरचा शिक्का कुणीही फाडून टाकेल, म्हणून ते प्रत्येक पुस्तकाच्या एक्कावन्नाव्या पानावर गुपचूप आणखी एक शिक्का मारायचे. म्हणजे हे पान वाचनालयाच्या पुस्तकाचंच, यात शंका नाही.

"गणपत, हा कागद कुठून आणलास?"

"कागद व्हय? आमी इकत न्हाई घेत शेठ. आलेला वापरतो."

"आलेला म्हणजे? कोण देतं?"

गणपतनं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "आता तुमीच इचारताय म्हनल्यावर काय बोलायचं?" आणि कांदा चिरायला लागला.

बस्स! हा कुणाला तरी सांभाळतोय, मी ओळखलं. अहो, बाजारात हयात गेली, माणूस काय लपवतो ते मला कळत नाही? पुस्तकं रद्दीत कोण विकू शकतं? ज्याच्या हातात कपाटाची किल्ली, तो!

आता संशय कसा असतो? एकदा पोत्यात उंदीर शिरला की प्रत्येक दाणा कुरतडलेला दिसतो. मला आठवायला लागलं. वामनराव गेल्या महिन्यात दोनदा दुकानावर येऊन गेले होते. माझ्याकडे एक जाडजूड प्रवासवर्णन होतं, शिवण उसवलेलं. "शेठ, ते पुस्तक वाचून झालं का?" मी म्हटलं, "निम्मं संपलं!" तर त्यांचा चेहरा पडला. तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. आता वाटलं, याला एवढी घाई का? तेही विकायचंय?

आणि गुरुवार! गुरुवारी वाचनालय बंद, आणि दर गुरुवारी वामनराव भरगच्च पिशवी घेऊन शेजारच्या अकोले गावच्या गाडीत बसतात, हे मी दुकानातून पाहत होतो. जाताना पिशवी जड, येताना हलकी!

पुढच्या गुरुवारी दुकान भावावर सोडलं आणि त्यांच्या मागोमाग गाडीत शिरलो. मागच्या बाकावर, उपरणं तोंडावर. छाती अशी धडधडत होती की कंडक्टरनं विचारलं, "शेठ, दवाखान्यात निघालात का?"

पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं, तिथे वामनराव उतरले. मी पुढच्या वळणावर उतरून मागे आलो आणि खडीच्या ढिगाआड बसलो. वरून ऊन, खालून तापलेली खडी. धोतरातून चटके! पण हललो नाही.

जेवणाची सुट्टी झाली. वामनराव बाभळीखाली बसले. बायका-पुरुष भोवती जमले. पिशवीतून पुस्तकं निघाली, एकेक करून लोकांच्या हातात गेली. आणि मग पाहिलं ते! एक बाई पुढे आली, कनवटीतून काहीतरी बारीक घडी काढली आणि वामनरावांच्या हातात दिली. त्यांनी ती उलगडून पाहिली, खूश झाले, खिशात ठेवली. मग दुसरा माणूस, पुन्हा घडी. मग तिसरा.

नोटा! दुसरं काय असणार? दुष्काळात खडी फोडणाऱ्यांकडून पैसे घेऊन वाचनालयाची पुस्तकं विकतोय हा माणूस! माझ्या डोक्यात सणक गेली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं बया! शेठ, तुमी? खडी फोडायला आलाव व्हय?"

सखूबाई! माझं शनिवारच्या बाजाराचं पक्कं गिऱ्हाईक, कुठंही ओळख देणारी.

"हळू बोला! मी... मी दगड बघायला आलोय. घर बांधायचंय."

"मग हिकडं कशाला चोरावानी बसलाव? वामनमास्तर बी आल्यात, हाक मारू का?"

"नको! आणि मी आलो होतो हे बोलायचंही नाही!"

"न्हाई बोलत," ती म्हणाली आणि चटके बसलेल्या माझ्या धोतराकडे बघत हसत निघून गेली.

रविवारी सकाळी तातडीची सभा लावली. अध्यक्ष वकीलसाहेब, पाच-सहा सभासद, आणि टेबलाच्या टोकाला वामनराव. विषय काय हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वामनरावांनी सगळ्यांना पाणी दिलं, मलाही. पेला मी तसाच बाजूला ठेवला. एकदा वाटलं, बाजूला घेऊन विचारावं. पण कार्यवाहाची खुर्ची, साहेब! ती माणसाला बाजूला जाऊ देत नाही.

मी उभा राहिलो. भेळ सांगितली, गुरुवार सांगितला, घड्या सांगितल्या. "या माणसानं वाचनालय विकायला काढलंय. आज याचा राजीनामा घ्या, नाहीतर माझा घ्या!" आणि ते चिंचेचं पान टेबलावर आपटलं.

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "वामनराव, काय म्हणणं आहे तुमचं?"

वामनराव उठले. त्यांची नजर त्या पानावरून हलेना. मला वाटलं, सापडला! त्यांनी पान उचललं, उजेडात धरून वरचं पुसट पुस्तकाचं नाव वाचलं, आणि काय सांगू, त्या माणसाच्या चेहऱ्यावर दिवाळी!

"एक्कावन्न! मिळालं! साहेब, दीड महिना हेच शोधत होतो मी!"

पिशवीतून त्यांनी फडक्यात बांधलेला गठ्ठा काढला. सुटी पानं. कशावर तेलाचा डाग, कशावर हळदीचा. प्रत्येक पान सपाट केलेलं, फाटलेल्या जागी पातळ कागद खळीनं चिकटवलेला. कडेला पेन्सिलीची बारीक टीप. वकीलसाहेब वाचू लागले, "पान त्रेचाळीस, मोहरीची पुडी, सखूबाई. पान सत्तेचाळीस, धने..."

"कामावरच्या लोकांना सांगून ठेवलंय," वामनराव म्हणाले. "वरती या पुस्तकाचं नाव छापलेलं पान पुडीत आलं तर जपून मला द्या. बिचारे घडी करून कनवटीत ठेवतात, गुरुवारी आणून देतात."

घडी! माझ्या नोटा!

"आणि गुरुवारची परवानगी मीच दिली आहे," वकीलसाहेब म्हणाले. "पुस्तकं त्यांच्या स्वतःच्या नावावर जातात, आणि आजवर एकही हरवलेलं नाही."

इथे शहाणा माणूस खाली बसला असता की नाही? पण मला वाटलं, चूक झाली तर झाली, निदान खरा चोर तरी पकडू!

"ठीक आहे! वामनराव निर्दोष. पण कुणीतरी पुस्तक फाडतंय ना? कुणाच्या नावावर आहे ते?"

वामनराव खाली बघू लागले. "शेठ, राहू द्या. वाचकाचं नाव असं चारचौघांत घ्यायची आपली रीत नाही. बहुतेक पानं परत आलीयत. मी शिवून टाकीन."

"राहू द्या कसं? ज्ञानाच्या पुड्या बांधणारा हा नराधम मला बघायचाय!"

"शेठ, ऐका माझं..."

"मुळीच नाही! रजिस्टर आणा! दंड करू, सभासदत्व रद्द करू, बाजारात उभा करू त्याला!"

वामनरावांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. वकीलसाहेबांनी मान हलवली. देवघेवीचं रजिस्टर माझ्यापुढे आलं. पुस्तकाच्या नावावर बोट ठेवून वामनराव हळूच म्हणाले, "मनात वाचा, शेठ."

मनात वाचायला मी काय घाबरतो? खड्या आवाजात वाचलं, "श्रीयुत... रतनशेठ... किराणा भुसार मालाचे व्यापारी..."

पुढचं वाचवेना.

आणि मग एकदम सगळं दिसलं. ते उसवलेलं प्रवासवर्णन गादीवर. एका हातात तागडी, म्हणून सुटं पान दुसऱ्या हातात धरून वाचत होतो. वाचून झालं की पान डावीकडे ठेवायचं. आणि तीस वर्षं डावीकडे काय असतं? पुडीचा कागद! वाचला की बांधला! गणपत फुटाणे नेतो माझ्याच दुकानातून, माझ्याच पुड्यांत, आणि तोच कागद भेळेला वापरतो. मीच त्याला विचारत होतो, कागद कोण देतं म्हणून!

"दोनदा विचारलं होतं शेठना," वामनराव वकीलसाहेबांना म्हणाले, जणू चूक त्यांचीच. "निम्मं संपलं म्हणाले. मग वाटलं, कार्यवाह आहेत, त्यांना कमीपणा नको. आधी पानं गोळा करू, मग बोलू."

भरल्या डोळ्यांनी मी तिथल्या तिथे वामनरावांचे पाय धरायला वाकलो. ते मागे सरकले. "शेठ, टेबलावरचं पान ओलं होईल, जपून." डोळे पुसायचीही चोरी!

राजीनामा मी दिला, तो वकीलसाहेबांनी फाडला. "शिक्षा वामनराव सांगतील." वामनरावांनी विचार करून सांगितलं, "दर गुरुवारी पिशवी जड होते. शेठनी उचलू लागावी." मी दुष्काळ संपेपर्यंत उचलली. पुस्तकाची अकरा पानं काही परत आली नाहीत. ती वाचलेला माणूस एकटा मीच, म्हणून बाभळीखाली लोकांना तेवढा मजकूर मी तोंडी सांगायचो.

एवढ्यावर भागलं असतं तर आनंद होता. पण पुढच्या शनिवारी दुकानात ही गर्दी, आणि सखूबाई पुढे.

"पावशेर मोहरी द्या."

मी तोलून, बांधून दिली. बाईनं तिथंच सुतळी सोडली, मोहरी पदरात ओतली, कागद उजेडाला धरला आणि दोन्ही बाजूंनी न्याहाळला.

"काय बघताय, सखूबाई? वजनात काही कमी आहे का?"

"वजनाचा इस्वास हाय शेठ," सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं बोलली ती. "शिक्का हाय का बगते. वामनमास्तरांनी सांगितलंय, शेठकडनं सामान आनलं की आदी कागद तपासा, मग मोहरी!"

मागचं सगळं गिऱ्हाईक आपापल्या पुड्या सोडायला लागलं.