डोळ्यातली वाटी

नव्या जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला डोळ्यांचा एक दवाखाना होता. तिथल्या गोजरबाई नर्स नव्हत्या. शिकलेल्या तर बिलकुलच नव्हत्या, सही करायला बसल्या की तीन ओळींची जागा खायच्या. पण मुंबईहून घडवून आणलेली वाटी पेशंटला डोळ्यात घालायला शिकवावं तर गोजरबाईंनीच. डॉक्टरांनी स्वतः शिकवून पाहिलं होतं आणि दोनदा हात टेकले होते.

वाटी म्हणजे काय ते आधी सांगतो. काही जणांचं बुबुळ वयात येता येता टोकदार होतं, पुढं येतं. मग चष्मा कुठलाही लावा, एका दिव्याचे चार दिवे दिसतात आणि अक्षराला अक्षर चिकटतं. अशांच्या डोळ्याचा साचा घेऊन कडक प्लास्टिकचं मोठं भिंग करतात, बुबुळ झाकून पांढऱ्यावरही बसेल असं. डॉक्टर त्याचं इंग्रजी नाव घ्यायचे, गोजरबाई वाटी म्हणायच्या, आणि पेशंट गोजरबाईंचं ऐकायचे. ही वाटी मिठाच्या पाण्यानं काठोकाठ भरायची, तीन बोटांवर धरायची, तोंड पार जमिनीकडं करायचं, दुसऱ्या हातानं पापण्या ताणायच्या आणि नजर न हलवता वाटी खालून वर आणून डोळ्याला लावायची. पाणी सांडलं की हवा शिरते. बुडबुडा राहिला की सगळं धुरकट, वर डोळ्याची आग. मग काढा, धुवा, पुन्हा भरा. आपलंच बोट आपल्याच डोळ्याशी न्यायचं म्हणजे काय खायचं काम आहे? तालमीतले गडी तिथं घामाघूम झालेले गोजरबाईंनी पाहिले होते.

गोजरबाईंचं सासर हसनाबादचं, पाटलाचं, जमीनजुमला असलेलं. खळ्यावर कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं की लोक गोजरबाईंकडं धावायचे. पदराचं टोक ओलं करून, पापणी उलटी करून, त्या ते कुसळ असं टिपायच्या की माणसाला कळायचंही नाही. पुढं भावाभावांत वाटण्या झाल्या, त्यांच्या मालकांनी, सर्जेरावांनी, नव्या जालन्यात बियाण्याच्या दुकानात नोकरी धरली आणि बिऱ्हाड इथं आलं. शेजारणीच्या डोळ्यातलं कुसळ काढताना डॉक्टरांनी त्यांना एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्या दवाखान्यात.

शिकवायची त्यांची रीत एकच. आधी दोन शिव्या, मग एक वाक्य. "ओंजळीनं पानी प्यायला कसा वाकतोस? बस, तसा वाक." या वाक्यानं शेतकरी वाकले, शिंपी वाकले, सासुरवाशिणी वाकल्या. हे ऐकलं की मान आपोआप बराबर खाली जायची.

धर्मराजला मात्र त्यांनी दोन दिवसांत हे वाक्य एकदाही सांगितलं नव्हतं. जिभेवर यायचं आणि त्या गिळून टाकायच्या.

हे शहात्तर सालचं. धर्मराज हसनाबादच्या बौद्धवाड्यातला पहिला मॅट्रिक, पहिला शिकाऊ मास्तर. नोकरीची ऑर्डर हातात होती, पण वाटी शिकायचा तिसरा दिवस उजाडला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला औरंगाबादेत डोळ्यांची तपासणी होती. फळ्यावरची अक्षरं वाचता आली तर मास्तर, नाही तर यादीतला पुढचा माणूस. वाटी डॉक्टर बसवून देत आणि धर्मराजला लख्ख दिसे. पण डॉक्टरांचा नियम कडक होता. आपल्या हातानं तीनदा घालून, तीनदा काढून दाखवल्याशिवाय वाटी कुणाला घरी न्यायची परवानगी नाही. औरंगाबादची शेवटची उपयोगाची गाडी चारला. आणि भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

धर्मराजचा हात चांगला होता, बोटं शहाणी होती. त्याची मानच ऐकत नव्हती. वाटी पापणीजवळ आली की झटक्यानं वर. पाणी शर्टावर, वाटी टेबलावर, आणि गोजरबाई कपाळाला हात लावून.

"मावशी, मी काय करू?" तो हसायचा प्रयत्न करून म्हणाला. "लहानपणापासून सवयच तशी. बाबा हनुवटीला बोट लावून शाळेत सोडायचे. मान वर, म्हणायचे. कुनाम्होरंच खाली न्हाई."

बाबा समोरच्या बाकावर बसलेले होते. पुंजाराम. साठीचा माणूस, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवसापासून ताठ चालणारा. तीन दिवस तो रोज त्याच बाकावर बसत होता आणि गोजरबाईंशी एक शब्द बोलला नव्हता. गोजरबाईंनी त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्यानं आपल्याला ओळखलंय का, एवढंच त्यांना कळत नव्हतं, आणि त्या धास्तीनं त्यांना दोन रात्री झोप नव्हती.

पावणेतीनला वाटी पुन्हा सांडली. धर्मराजचा डोळा लाल झाला होता. आतून डॉक्टरांनी विचारलं, "गोजरबाई, जमतंय का? नाही तर राहू द्या आता, डोळा सुजेल."

"जमतंय, जमतंय," गोजरबाई ओरडल्या आणि धर्मराजकडं वळल्या. घाई माणसाचा घात करते, तसंच झालं. "आरं, असा काय ताठ बसतोस खांबावानी? ओंजळीनं पानी प्यायला कसा वाकतोस, तसा वाक की!"

वाक्य तोंडातून निसटलं होतं. पुंजाराम उठून उभा राहिला होता.

"चल धर्मराज."

"बाबा, चारची गाडी..."

"गाडी पन नको अन् वाटी पन नको. घरी चल." मग तो गोजरबाईंकडं वळला. आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. "पाटलीणबाई, वळखलं का न्हाई मला?"

"वळखलं," गोजरबाई म्हणाल्या. "पहिल्याच दिशी."

"मंग सांगा पोराला, ओंजळीनं पानी प्यायला कसं वाकतेत ते तुमी कुनाला बघून शिकल्या."

गोजरबाई पदरानं टेबलावरचं पाणी पुसू लागल्या. मग पुंजारामनंच सांगितलं, पोराकडं बघून. "दीक्षेच्या आधीची गोष्ट. ह्यांच्या खळ्यावर जवारी मळत होतो. डोळ्यात कुसळ गेलं. साऱ्या गावाचं कुसळ ह्या काढायच्या, म्हनून मी ह्यांच्या दाराम्होरं आल्तो. ह्या तांब्या घेऊन आल्या. उंबऱ्यावरून म्हनल्या, ओंजळ धर, वाक, अन् डोळा धू. वरून पानी सोडलं. हात लावला न्हाई. आठ दिस मी डोळा धूत राह्यलो. मंग हे पडलं." त्यानं डाव्या डोळ्याकडं बोट केलं. बुबुळावर पांढरं फूल होतं.

"तुमी तर म्हनला होता, बैलाचं शिंग लागलं," धर्मराज म्हणाला.

"मंग काय सांगनार होतो?"

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण गोजरबाईंनी आयुष्यात शंभर जणांना ऐकवली असेल. आता ती कुणी ऐकवायची गरज नव्हती. सासूचं नाव त्यांच्या ओठांवर आलं होतं. ती त्या दिवशी मागं दारात उभी होती, हे खरंच होतं. मी एकोणीस वर्षांची होते, असंही सांगता आलं असतं, आणि तेही खरंच होतं. पण पुढ्यात तो डोळा होता. लाजेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खरं हाय," त्या म्हणाल्या. "मला काढता आलं असतं. दोन मिंटांचं काम होतं. मी काढलं न्हाई."

पुंजारामनं टोपी डोक्यावर घातली आणि दाराकडं गेला. धर्मराज मात्र स्टुलावरून उठला नाही. त्यानं वाटी उचलली, ताटलीतल्या पाण्यात धुतली आणि गोजरबाईंपुढं केली.

"भरून द्या, मावशी. पन त्या ओंजळीचं नाव पुन्हा काढू नका."

"न्हाई काढनार."

"बाबा, तुमाला जायचं तर जा. मला उद्या फळा वाचायचाय."

गोजरबाईंनी वाटी काठोकाठ भरली आणि त्याच्या बोटांवर ठेवली. पुंजाराम दारात पाठ करून उभा होता, पण गेला नव्हता. धर्मराज वाकला. वाटी वर आली. आणि मान पुन्हा वर. पाणी सांडलं. आता हे सगळं ऐकून तर ती मान वाकणारच कशी? पुन्हा भरली, पुन्हा सांडली. सव्वातीन झाले. डॉक्टर दारात येऊन घड्याळ बघून गेले. धर्मराजचा श्वास जोरात चालला होता आणि त्याला आता हसूही येत नव्हतं.

पुंजारामनं वळून पाहिलं. पोराचा भिजलेला शर्ट पाहिला, लाल डोळा पाहिला. मग तो परत आला, टेबल पायानं बाजूला सारलं आणि स्टुलासमोर खाली फरशीवर मांडी घालून बसला. गोजरबाई पुढं झाल्या, तसा त्यांना हातानंच थांबवलं.

"धर्मराज, हिकडं बघ. माझ्याकडं. बाप खाली बसलाय, त्याच्याकडं बघायचं तर मान खाली जानारच. त्याला वाकनं म्हनत न्हाईत."

"व्हय, बाबा."

"ह्या फुलावर नजर लाव. हलवू नको. मी बी हलत न्हाई."

गोजरबाईंनी वाटी भरून दिली. धर्मराजनं पापण्या ताणल्या आणि बापाच्या डोळ्यावर नजर लावली. वाटी हळूहळू वर आली. मान जागची हलली नाही. वाटी डोळ्याला लागली, त्यानं वरची पापणी सोडली, मग खालची. गोजरबाईंनी बॅटरी धरून पाहिलं. बुडबुडा नव्हता.

धर्मराज तसाच खाली बघत राहिला. पाणी गालावरून गळत होतं, ते मिठाचं की त्याचं, कोण सांगणार. या अंतरावरून बापाचं तोंड त्याला लख्ख असं कधी दिसलंच नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला, "फूल एवढं मोठं हाय?"

"बघून झालं ना? आता काढ. आजून दोनदा घालायचीय."

त्यानं आणखी दोनदा घातली, दोनदा काढली, डॉक्टरांच्या समोर. पुंजाराम तिन्ही वेळा फरशीवर बसून होता. दुसऱ्या दिवशी धर्मराजनं औरंगाबादेत फळ्याची शेवटची ओळ वाचली आणि पुढं कितीतरी वर्षं पोरं शिकवली, पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी चारला दहा कमी असताना गोजरबाईंनी वाटीची डबी आणि मिठाच्या पाण्याची बाटली कागदात बांधून दिली. चार तासांच्या वर घालायची नाही, झोपताना काढायचीच, हे दोनदा बजावलं. धर्मराज पुढं निघाला. पुंजाराम पायरी उतरत होता, तेव्हा गोजरबाई त्याच्या मागं आल्या.

"पुंजारामदादा," त्या म्हणाल्या. या नावापुढं दादा लावायची त्यांची ही पहिलीच वेळ. "डॉक्टर आत हायेत. डोळा दाखवून जा. कायतरी इलाज असंल."

पुंजाराम थांबला. रागावलेला दिसला नाही, निवळलेलाही दिसला नाही.

"तवाचं कुसळ तवाच काढायचं असतंय, बाई," तो म्हणाला आणि जल्दी पावलं टाकत पोराच्या मागं स्टेशनकडं गेला.

गोजरबाई पायरीवरच उभ्या राहिल्या. आतून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी दोनदा हाक मारली, तेव्हा कुठं हातातलं पदराचं टोक सोडून त्या आत वळल्या.