दबा धरलेला शिपाई

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या सख्ख्या भावाला घाबरले. आमच्याच घरात, मारेगावला, जेवणाच्या टेबलावर... दादाला विचारूनच हे लिहितेय.

दादा निमलष्करी दलातून निवृत्त होऊन दिवाळीनंतर आमच्याकडे राहायला आला. वहिनी गेल्यापासून तो एकटाच होता. बोलणं आधीपासून कमी, आता तर अगदी मोजकं. सकाळी फिरणं, पेपर, आणि दुपारभर खिडकीशी बसणं.

माझा नवरा नितीन याला एक छंद आहे. बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे शिपाई रंगवायचे, पुठ्ठ्याची घरं आणि झाडं करायची आणि टेबलावर लढाई खेळायची. टेपनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे. रविवारी आम्ही दोघं खेळायचो आणि दादा लांबून बघायचा.

त्या दिवशी नितीन कामासाठी वणीला गेला होता. दादा आपणहून टेबलापाशी आला आणि म्हणाला, "मले शिकव ना हे." मला इतकं बरं वाटलं... चहा ठेवला आणि लगेच मांडामांड केली.

खेळ सोपा आहे. आपली पाळी आली की शिपाई हलवायचा किंवा गोळी झाडायची. पण एक नियम वेगळा. आपल्या पाळीत काहीच न करता शिपायाला दबा धरून बसवता येतं. मग समोरच्याच्या पाळीत त्याचा माणूस नजरेच्या टप्प्यात आला, की तो हलत असतानाच दबा धरलेला शिपाई गोळी झाडतो. झाडू की नको हे ठरवायचं नसतं... जो पहिला दिसेल त्याच्यावर झाडायचीच.

दादानं नीट ऐकून घेतलं. आपला एक शिपाई टेबलावरच्या कागदी नाल्याच्या काठावर ठेवला आणि त्याच्याशेजारी दबा धरल्याची खूण म्हणून लाल बटण ठेवलं. पाळी माझी आली. मी झाडामागचा माझा शिपाई उचलला आणि नाल्याकडे सरकवायला लागले.

"थांब. हालू नको."

आवाज मोठा नव्हता... पण तो माझ्या दादाचा नव्हताच. त्याच क्षणी त्यानं माझं मनगट धरलं. मला वाटलं, गंमत करतोय. मी हसून हात सोडवायला गेले, तर पकड आणखी आवळली. बोटं बधिर व्हायला लागली.

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे माझ्यावरच होते, पण त्या डोळ्यांत मी नव्हते. कपाळावर घाम. श्वास इतका हळू, की चालू आहे का नाही तेच कळेना. आणि त्याचा दुसरा हात टेबलाखाली... त्यात काहीच नसणार, हे मला माहीत होतं. तरी माझी नजर तिथून हटेना.

घरात आम्ही दोघंच. फोन ओट्यावर. चहा उतू जाऊन गॅसवर फसफसत होता आणि मला उठायची हिंमत नव्हती. ओरडावं तर हा काय करेल? हात ओढावा तर? मी पुतळ्यासारखी बसून राहिले.

"कोन हाय?" त्यानं विचारलं.

मी उत्तर दिलं ते लहानपणीच्या बोलीत, जी मी ऑफिसात कधी बोलत नाही. "दादा, मी हाओ. सुमी. तुयी सुमी हाओ मी..." किती वेळा म्हटलं, आठवत नाही.

पकड हळूहळू सैल झाली. त्यानं माझ्या मनगटावरचे वळ पाहिले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले, पुन्हा सुटू नयेत म्हणून दाबावेत तसे. आधी मी उठून गॅस बंद केला. परत येऊन बसले तेव्हा तो रडत होता.

मग त्यानं सांगितलं. जंगलातल्या एका कॅम्पवर पहारा होता. समोर नाला. पलीकडून कोणी येताना दिसलं तर थेट गोळी, असा हुकूम. पहाटे झुडूप हललं. एक आकृती वाकत, थांबत नाल्याकडे यायला लागली. यानं नेम धरला.

"घोड्यावरचं बोट अर्धं दाबलं होतं मी," दादा म्हणाला. "अन् तेवढ्यात ते खोकलली. बाईचं खोकलनं होतं, सुमे. मोहफुलं वेचत होती ते."

तिनं पाहिलंही नाही. टोपली भरली आणि निघून गेली. दादानं हे कोणालाच सांगितलं नव्हतं, वहिनीलासुद्धा नाही. त्याच्या स्वप्नात मात्र ती खोकत नाही... म्हणून त्याला झोपायची भीती वाटते.

नितीन आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. त्या रात्री खरं सांगायचं तर मी आमच्या खोलीला कडी लावून झोपले आणि तसं केल्याची लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून दादाला यवतमाळला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. तो नाही म्हणेल असं वाटलं होतं, पण मुकाट गाडीत बसला. आता गोळ्या चालू आहेत, दर आठवड्याला डॉक्टरांशी बोलणंही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल.

खेळ मी माळ्यावर टाकायला निघाले होते. दादानंच अडवलं. "राहू दे. फक्त त्या नियमात आधी विचारायची सोय कर, कोन हाय म्हनून." डॉक्टरांना विचारून, नितीन घरी असताना, मागच्या रविवारी आम्ही तिघं बसलो. दबा धरलेल्या शिपायानं आधी ओळख पटवण्यासाठी फासा टाकायचा, असं ठरलं.

ती बाई कोण, कुठली, आम्हाला माहीत नाही. आजही कुठेतरी चुलीपुढे बसली असेल, नातवंडांवर ओरडत असेल. आपण त्या पहाटे कशातून वाचलो हे तिला कधीच कळणार नाही... आणि एका खोकल्यानं तिनं माझ्या भावालाही वाचवलं, हेसुद्धा.