पहिल्या दिवसाचा चीक

आमच्या घरात आई दोन नावं कधी तोंडाने घेत नसे. एक वडिलांचं, दुसरं म्हशीचं. वडिलांचं रिवाज म्हणून आणि म्हशीचं नजर लागू नये म्हणून. त्यामुळे "अजून खाल्लेलं नाही, बघ जरा" असं ती म्हणाली की ताट घ्यायचं की घमेलं, हे मला तिच्या आवाजावरून ओळखावं लागे. आवाज मऊ असला तर घमेलं.

ती म्हैस आईच्या माहेरची. मी जन्मले त्या वर्षी कुलाबा जिल्ह्यातून आजोबांनी पारडी पाठवली होती, तीच ही. म्हणजे ती आणि मी एका वयाच्या. दोघींत जास्त समजूतदार कोण, याबद्दल घरात दुमत होतं. आज जिथे जेसल पार्कच्या इमारती आहेत, त्याच्या अलीकडे आमचं कौलारू घर होतं. पुढे मिठागरं, मागे गोठा आणि आजूबाजूला आमच्यासारखीच कोकणातून आलेली दहा-बारा बिऱ्हाडं. वडील मिठागरावर मुकादम होते. साठचं दशक संपत आलं होतं आणि भाईंदरला तेव्हा माणसांपेक्षा डास जास्त होते.

म्हैस दोनदा व्यायली होती आणि दोन्ही वेळा पारडू गेलं होतं. पहिलं तिसऱ्या दिवशी, दुसरं पाचव्या. पारडू गेलं की म्हैस दूध चोरते. पान्हा सोडत नाही, लाथ मारते, बादली उलथते. दुसऱ्या खेपेला तिने वडिलांच्या गुडघ्यावर अशी लाथ घातली की ते आठ दिवस मिठागरावर काठी टेकत गेले. त्यानंतर त्यांनी जाहीर केलं, "ह्या खेपेला पारडू जगलं तर ठीक. नाही तर वरसाव्याचा गुरांचा दलाल येऊन हिला घेऊन जाईल. मी त्याला सांगून ठेवलंय."  गोठ्यात जाऊन आईने म्हशीची पाठ इतका वेळ खरारली की मला वाटलं, आता कातडं निघणार.

तर म्हैस तिसऱ्यांदा गाभण राहिली आणि आमच्याकडे वाट बघण्याचा धंदा सुरू झाला. नवरात्र संपता संपता तिची कास भरायला लागली. येणारा जाणारा गोठ्यात डोकावून तज्ज्ञासारखं बोलायचा. कुणी म्हणे दसरा, कुणी म्हणे कोजागिरी. कोपऱ्यावरचा गुजराती दुकानदार रोज विचारायचा, "काय बेन, थयूं के नाय?" आणि जाताना न चुकता आठवण द्यायचा, "पेला दिवसनो चीक आपला हां!"

इथेच सगळा घोटाळा होता. खरवस पहिल्या दिवसाच्या चिकाचाच खरा. दुसऱ्या दिवसाचा ठीक, तिसऱ्या दिवसाचा म्हणजे नुसती समजूत. आणि पहिल्या दिवसाचा चीक आमच्या घरातल्या प्रत्येकाने, एकमेकांना न सांगता, वाटून टाकला होता. आईने दुकानदाराला आणि शेजारच्या चार घरांना कबूल केला होता. वडिलांनी मिठागरावरच्या कारकुनाला आणि स्टेशनवरच्या एका ओळखीच्या पोर्टरला. पण ह्या दोघांचं मिळून जेवढं होईल, त्याहून जास्त माझ्या एकटीचं होतं. मैत्रिणीच्या दोरीवर आधी उड्या मारायला मिळाव्यात म्हणून मी तिला चीक दिला होता. बोलणाऱ्यांच्या यादीतून नाव पुसावं म्हणून मॉनिटरला दिला होता. भागाकार चुकल्यावर बाईंनासुद्धा दिला होता, आणि बाईंनी तो घेतला होता. एका म्हशीचा चीक किती निघतो, हा भागाकार मात्र मला कुणी शिकवला नव्हता.

दर आठवड्याला समुद्रकाठच्या पालीहून एक कोळीण सुकी मासळी घेऊन यायची. गळ्यात क्रूस, डोक्यावर टोपली आणि तोंड असं की बोंबलालाही लाज वाटावी. मी तिला मावशी म्हणायची. एक दिवस ती ओट्यावर टेकली आणि मीच मोठेपणाने म्हटलं, "मावशी, तुलापण देईन हं पहिल्या दिवसाचा चीक."

ती हसली नाही. आईला म्हणाली, "मागल्या टायमाला चीक कुणाला दिलास गो बाय?"

"सगळ्यांना थोडा थोडा. नाही म्हणता येतं का?"

"आनि पारडूला?"

"त्याला काय, दोन घोट. चीक जड असतो, ढाळ लागतात म्हणतात."

"कोण म्हनतान? खरवस खानारे म्हनतान!" मावशीने टोपली खाली आपटली. "आमच्या शेळ्या बघ येऊन पालीला. पिल्लू पडला का पयला चीक त्याला, मंग देवाला, मंग मानसाला. गल्लीनं खरवस खाल्लान नि तुजा पारडू उपाशी मेला. दुसरा काय बी न्हाय."

आई टोपलीतले बोंबील निवडत होती. तिचा हात तसाच राहिला. मग ती पदर तोंडाला लावून रडायला लागली, उघड, ओट्यावर बसून. तिला मी तसं रडताना पहिल्यांदाच पाहिलं आणि मला मावशीचा भयंकर राग आला. मग मागच्या वेळी खरवसाच्या मी तीन वड्या खाल्ल्या होत्या ते आठवलं आणि राग माझ्याकडेच वळला.

संध्याकाळी आईने हुकूम काढला. ह्या खेपेला पहिल्या दिवशी गोठ्याबाहेर थेंब जाणार नाही. ज्याने ज्याला शब्द दिलाय त्याने जाऊन परत घ्यावा. वडील म्हणाले, "सांगतो उद्या." मीही म्हटलं, "सांगते उद्या." आई स्वतःही दुकानात जाऊन मीठ-मसाला घेऊन परत आली, दुकानदाराला एक अक्षर न बोलता. शब्द देणं सोपं असतं हो. परत घ्यायला गेलं की जीभ टाळ्याला चिकटते.

कोजागिरी होऊन चार दिवस झाले. सकाळीच म्हशीच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले आणि ती ऊठबस करायला लागली. दहाच्या सुमारास व्यायली. पारडी होती, बारीक, काळी, ओल्या पोत्यासारखी पडलेली. म्हैस तिला चाटत होती, पण ती मान उचलेना.

बातमी आमच्याआधी गल्लीत पोचली. बघता बघता परसात भांड्यांचं प्रदर्शन लागलं. चरवी, कासंडी, पितळी डबा, दुकानदाराचा झाकणवाला स्टीलचा डबा. मॉनिटर आली होती. बाईंनी शाळेच्या गड्याबरोबर तांब्या पाठवला होता. आई एकेक भांडं बघत होती आणि वडील माझ्याकडे बघत होते. "हा तांब्या कुणाचा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पोर्टरचा असेल." पोर्टर मागेच उभा होता, स्वतःची बरणी घेऊन.

मावशीचा वार नव्हता, तरी ती आली. तिला कुणी कळवलं कुणास ठाऊक. टोपली भिंतीशी ठेवून ती सरळ गोठ्यात शिरली. आईने सड धुऊन चीक काढला, पिवळाधमक, दाट. परसातल्या सगळ्यांच्या माना एकदम लांब झाल्या. मावशीने बोट त्यात बुडवून पारडीच्या तोंडात घातलं. पारडीने काही केलं नाही. पुन्हा घातलं. पुन्हा काही नाही.

तेवढ्यात गर्दीतून वरसाव्याचा दलाल पुढे आला. त्याच्याकडे भांडं नव्हतं. खांद्यावर कोरं दावं होतं. पारडीकडे बघून तो वडिलांना म्हणाला, "हे काय जगत नाय मुकादम. आजच नेतोय मग मी." वडिलांनी मान खाली घातली. त्यांचाही शब्द दिलेला होता.

आई चिखलात फतकल मारून बसली. पारडीचं डोकं तिने मांडीवर घेतलं, स्वतःचं बोट चिकात बुडवून तिच्या जिभेवर फिरवलं आणि म्हशीला हाक मारली. नावाने, खणखणीत, दहा बिऱ्हाडांसमोर. नजरबिजर सगळी विसरून. "अगं, चाट की तिला! चाट!" म्हैस हंबरली आणि खरखरीत जिभेने पारडीची पाठ घासायला लागली. मी माझ्या सगळ्या देवांना चीक कबूल करून टाकला. मला दुसरं काही कबूल करता येतच नव्हतं.

मग आई एकदम ओरडली, "चावली! बोट चावली मला!"

पारडी बोट चोखत होती. मावशीने तिला उचलून कासेशी लावलं. ती पडली, मावशीने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ती चार पाय चार दिशांना टाकून उभी राहिली आणि सडाला अशी लुचली की फेस तिच्या नाकावर आला. दुकानदार डबा काखेत मारून टाळ्या वाजवायला लागला. मॉनिटर रडत होती. चिकाची आठवण कुणालाच उरली नव्हती असं मी म्हणणार नाही, पण मागितला कुणी नाही.

आई उठली, हात धुतले. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. खरवसासाठी आणून ठेवलेली गुळाची ढेप तिने ओट्यावर ठेवून फोडली आणि प्रत्येक भांड्यात एकेक खडा टाकला. चरवीत, डब्यात, बाईंच्या तांब्यात, पोर्टरच्या बरणीत. मावशीच्या टोपलीत तीन. "परवाचा चीक आणते घरी," ती सगळ्यांना म्हणाली. "आजचा नाही."

शेवटी दलाल राहिला. तो निघायच्या बेतात होता. आई त्याच्यापुढे उभी राहिली.

"तुमच्याकडे भांडं नाही," ती म्हणाली. "हात पुढे करा."

त्याने गोंधळून हात पुढे केला. आईने त्यावर गुळाचा खडा ठेवला आणि दुसऱ्या हाताने त्याच्या खांद्यावरचं कोरं दावं उतरवून घेतलं.

"हे राहू दे इथेच. पोरीला लागेल."

दलालाने वडिलांकडे पाहिलं. वडील गुडघा चोळत म्हशीकडे बघत होते. दलालाने गूळ तोंडात टाकला आणि वरसाव्याच्या वाटेला लागला.